डाळ, पाणी आणि लाल शाई

मैत्रिणींनो, डाळ शिजली नाही की आपण दोष कुणाला देतो? आधी वाण्याला, मग कुकरच्या रबराला. आणि घरात नवी सून असली तर मग विचारायलाच नको!

मी लग्न होऊन या गावात आले तेव्हा आमच्या आळीत नळ नव्हता, बोअरचंच पाणी होतं. माझी डाळ नेहमी दाताखाली यायची. सासूबाई तशा मायाळू, पण एकदा पाहुण्यांच्या देखत म्हणाल्या, "माहेरी वरण शिजवायला शिकवलं नाही वाटतं!" ते वाक्य मी कितीतरी वर्षं मनात जपून ठेवलं होतं. पुढे आळीत नळ आला आणि डाळ आपोआप शिजू लागली. मला वाटलं, हात बसला!

त्या डाळीचं खरं कारण मला गेल्या वर्षी नववीतल्या मुलामुलींनी सांगितलं.

मी इथल्या एका शाळेत अर्धवेळ मराठी शिकवते. शिक्षण बी. ए. विज्ञानाशी माझा संबंध दहावीला संपला. पण आठ-दहा मुलांनी स्वतःचं विज्ञानाचं भित्तिपत्रक काढायचं ठरवलं, तेव्हा मुख्याध्यापकांनी ते माझ्याकडे सोपवलं. का, तर "शुद्धलेखन तरी नीट राहील." संपादक मुलं, लेखक मुलं, चित्रं त्यांची, अक्षर त्यांचं. माझ्याकडे फक्त लाल पेन आणि शेवटची सही. मुलांनी एक नियम मात्र छान केला होता. लेख कशावरही असो, शेवटी 'याचा आपल्या घराशी, गावाशी काय संबंध?' हे लिहायचंच. म्हणजे मिठातल्या आयोडीनवर लिहिलं तर मीठ चुलीपाशी उघडं ठेवू नका, दमट हवेनं आणि उष्णतेनं आयोडीन कमी होतं, हेही लिहायचं. (मी त्या दिवशी घरी जाऊन मिठाची बरणी हलवली, हे कबूल करते.)

डाळीचा प्रश्न आणला आमच्या संपादिकेनं. तिची आई माझ्या शेजारणीकडे स्वयंपाकाला येते. मुलगी म्हणाली, "बाई, आई म्हणते, काकूंच्या घरी डाळ लगेच शिजते, आमच्याकडे शिजता शिजत नाही. डाळ एकाच दुकानातली. असं का?" त्यांची वस्ती ओढ्यापलीकडे. तिथे अजून बोअरच आहे.

मग काय, एका रविवारी माझं स्वयंपाकघर म्हणजे प्रयोगशाळा झाली. कुकर मुलांनी नाकारला, कारण शिट्ट्यांवरून मोजमाप नीट होत नाही म्हणे. एकच पातेलं, एकच शेगडी, ज्योत सारखी, एक वाटी तूरडाळ आणि मोजून पाणी. आधी नळाचं, मग बोअरचं. एक मुलगा घड्याळ धरून बसला होता. दर पाच मिनिटांनी दाणा बोटांत चिरडून पाहायचा. नळाच्या पाण्यात डाळ चाळीस मिनिटांत मऊ झाली. बोअरच्या पाण्यात सत्तर मिनिटं झाली तरी दाणा दाणाच! गॅस जळताना बघून सासूबाई दोनदा डोकावून गेल्या.

दुसरा प्रयोग साबणाचा. दोन सारख्या बाटल्यांत सारखंच पाणी घ्यायचं, साबणाच्या पाण्याचा एकेक थेंब टाकून हलवायचं आणि टिकणारा फेस यायला किती थेंब लागले ते मोजायचं. नळाच्या पाण्याला सहा लागले, बोअरच्या पाण्याला तेवीस. वर पांढरट साका आला तो निराळाच.

कारण मुलांनी विज्ञानाच्या सरांना विचारून लिहिलं ते असं. बोअरचं पाणी जमिनीखालच्या दगडांतून झिरपत येतं, तेव्हा त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार विरघळतात. त्याला कठीण पाणी म्हणायचं. डाळीच्या दाण्यातल्या पेशी पेक्टिन नावाच्या चिकट पदार्थानं एकमेकींना धरून असतात. एरवी शिजताना हे पेक्टिन विरघळतं आणि दाणा फुटतो. पण पाण्यातलं कॅल्शियम त्याला घट्ट धरून ठेवतं, मग दाणा फुटत नाही. चिमूटभर खाण्याचा सोडा घातला तर डाळ मऊ होते, पण डाळीतलं ब-१ जीवनसत्त्व त्यानं नाश पावतं, म्हणून सवय लावून घेऊ नये. पाणी आधी चांगलं उकळून, निवळून, वरचंच घेतलं तर काही क्षार तळाशी बसतात, सगळे नाही. आणि मुलांनी न विसरता हेही लिहिलं की कठीण पाणी म्हणजे विषारी पाणी नव्हे. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्याचा कठीणपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा, दुसरी सोय नसेल तर ६०० पर्यंत चालतो. मोठी माणसं इतकी काळजी घेऊन लिहितात का?

आता खरी गोष्ट सांगते. लेखाच्या शेवटी संपादिकेनं नियमाप्रमाणे गावाशी संबंध लिहिला होता: 'आमच्या वस्तीत डाळीला जवळजवळ दुप्पट गॅस आणि कपड्यांना कितीतरी जास्त साबण लागतो. ज्यांच्याकडे पैसे कमी, त्यांनाच हा जास्तीचा खर्च. मग नळ ओढ्यापर्यंतच का येतो?'

मी लाल पेन उचललं आणि शेवटचं वाक्य खोडलं.

तुम्ही विचाराल, का? शाळेच्या समितीवर गावातली वजनदार माणसं आहेत. माझी नोकरी अर्धवेळ, दर जूनला नव्यानं मिळणारी. मुलीला म्हणाले, "अगं, हे विज्ञान नाही, तक्रार आहे. विज्ञानापुरतं ठेवू या." ती "बरं बाई" म्हणाली. सोमवारी भित्तिपत्रक लागलं, तर लेखाखाली एका ओळीची जागा कोरी! बाकी सगळा कागद काठोकाठ भरलेला आणि तेवढीच पांढरी पट्टी. येणारंजाणारं जो तो विचारी, "इथे काय राहिलं?" मुलं म्हणत, "बाईंना विचारा."

त्याच आठवड्यात वर्गात जुन्या मराठी नियतकालिकांवर सांगायचं होतं म्हणून मी वाचन करत होते. १८४८ साली मुंबईच्या एल्फिन्स्टन संस्थेतल्या विद्यार्थ्यांनी साहित्य आणि शास्त्र यांची एक सभा काढली होती. तिच्या मराठी आणि गुजराती शाखा झाल्या. मराठी शाखेतून पुढे १८५० मध्ये 'मराठी ज्ञानप्रसारक' हे मासिक निघालं आणि ते १८६७ पर्यंत चाललं. सभेत निबंध वाचायचे, त्यावर बोलायचं, आणि शास्त्रांचं ज्ञान साध्या मराठीत लोकांपुढे ठेवायचं. मी हे एरवी परीक्षेपुरतं सांगून पुढे गेले असते. पण पुढची ओळ वाचून थांबले. ही मुलं लिहून गप्प बसली नव्हती. १८४९ मध्ये त्यांनी मुंबईत मुलींसाठी शाळा काढल्या, आणि सुरुवातीला त्यांतल्याच काहींनी पगार न घेता तिथे शिकवलं. तरुण दादाभाई नौरोजी त्यांच्यातलेच. मुलीला अक्षर आलं तर नवरा मरतो, असं उघड बोललं जाई तो काळ. मुलींना शिकवणं ही त्या वेळी काय 'विज्ञानापुरती' गोष्ट होती?

मराठी शाखेचे अध्यक्ष होते दादोबा पांडुरंग, मराठी व्याकरणाचे कर्ते. म्हणजे त्या मुलांच्या डोक्यावरही एक शुद्धलेखनवाला होताच! त्यांनी किती खोडलं असेल कोण जाणे. पण मला माझ्या लाल पेनाची लाज वाटली.

रात्री 'ह्यां'ना सांगितलं. हे म्हणाले, "नोकरी गेली तर बघू." सासूबाई भाजी निवडत होत्या. त्यांनी मान वर न करता विचारलं, "म्हणजे तुझी ती डाळ पाण्यामुळेच शिजत नव्हती?" मी म्हटलं, "हो." त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "त्या पोरीच्या आईला कोण काय बोलत असेल आता?"

सकाळी मी मुख्याध्यापकांकडे गेले. खोडलेलं वाक्य वाचून दाखवलं, आणि खोडणारी मीच हेही सांगितलं. ते बराच वेळ चष्मा पुसत राहिले. म्हणाले, "प्रश्नच आहे ना? आरोप तर नाही. सही तुमची आहे बाई, तुम्ही बघा."

मी संपादिकेला बोलावलं. "अगं, ती ओळ लिही परत." तिनं कोऱ्या पट्टीकडे पाहिलं. "बाई, तेवढ्या जागेत आता मावणार नाही. आम्ही वस्तीतली सगळी घरं मोजली. एकशे बारा आहेत. प्रत्येक घरी सिलिंडर किती दिवस पुरतो तेही लिहून आणलंय. त्याचा तक्ता करायचाय." मग त्या पट्टीत तिनं एवढंच लिहिलं: 'पुढील अंकी.' खाली मी सही केली.

ओढ्यापलीकडे नळ अजून आलेला नाही. तक्ता लागला, तेव्हा समितीवरचे एक गृहस्थ पाठीमागे हात बांधून बराच वेळ वाचत उभे होते. मला काही बोलले नाहीत. माझी जूनची ऑर्डर या वर्षी दहा दिवस उशिरा आली. कारण काय होतं, मी विचारलं नाही.

मुलांना आता हरभऱ्यावर प्रयोग करायचा आहे. भिजवतानाच नळाचं पाणी वापरलं आणि शिजवायला बोअरचं, तर फरक पडतो का, हे पाहायचंय. उद्या रविवार, सकाळी नऊला सगळी येतील. सासूबाईंनी आत्ताच दोन सारखी भांडी शोधून ओट्यावर ठेवली आहेत, आणि एकाला खडूनं 'बो' असं लिहिलं आहे.