सैल मूठ

फिजिओथेरपिस्ट बाईंनी माझ्या हातात एक यंत्र दिलं आणि म्हणाल्या, "आवळा. जमेल तितक्या जोरात." सकाळी उठलं की उजव्या हाताची बोटं बधिर असतात, म्हणून गेलो होतो. काटा चांगलाच वर गेला. बाईंनी काट्याकडे पाहिलं, मग माझ्या पांढऱ्या केसांकडे. "मोटरसायकल चालवता का हो रोज?" मी हो म्हटलं. "मग हँडल एवढं आवळून धरत जाऊ नका."

खाली येऊन गाडीला चावी लावताना हसू आलं. तेवढंच एक तर शिकत आलोय इतकी वर्षं.

मला मोटरसायकलची भीती वाटते. गाडी आवडते, कोल्हापुरात रोज तिच्यावरूनच फिरतो, पावसाळ्यात कोकणात उतरायचं तर चारचाकी दारात ठेवून हिलाच किक मारतो. तरी वाटते. ही दोन वाक्यं एकत्र म्हटली की लोक गोंधळतात. त्यांना वाटतं, आवड असली की भीती जाते. आमच्याकडे दोघी एकाच घरात नांदतात, आणि कुरबूर फारशी नसते.

भीतीचं मूळ शोधायला गेलो की मी दर वेळी आंबा घाटात जाऊन उभा राहतो. आईचं माहेर साखरप्याला. कोल्हापुरातून निघायचं, बांबवडे, मलकापूर, आंबा, आणि मग घाट उतरला की साखरपा. अण्णा, म्हणजे माझे वडील, एका पतपेढीत हिशेबनीस होते. त्यांच्याकडे सेकंडहँड येझदी होती. किक आणि गिअर एकाच दांड्यावर असलेली, दोन सायलेन्सरची, मागे निळसर धुराचा पदर सोडत जाणारी. पुढे अण्णा, त्यांच्या पाठीला चिकटून मी, माझ्यामागे एका अंगावर बसलेली आई आणि तिच्या मांडीवर धाकटी बहीण. पिशवी आईच्याच कोपरात. आजच्या हिशेबानं हा सगळा गुन्हाच, पण तेव्हा निम्मा जिल्हा असाच फिरायचा.

ती संध्याकाळ श्रावणातली असावी. धुकं इतकं, की येझदीच्या दिव्याचा उजेड पुढच्या चाकापाशीच विरघळत होता. सहा व्होल्टचा तो दिवा, वेग कमी केला की आणखी मिणमिणायचा. म्हणजे दिसत नाही म्हणून हळू जावं, तर हळू गेल्यानं दिसायचं बंद. घाट सुरू झाला तसे अण्णा पाढे म्हणू लागले. साधे नव्हेत. पावकी झाली, निमकी झाली, पाऊणकी, सवायकी, दिडकी. माझा गाल त्यांच्या ओल्या रेनकोटावर दाबलेला होता, त्यामुळे ते पाढे कानांपेक्षा गालालाच जास्त ऐकू येत होते. औटकीला, म्हणजे साडेतीनच्या पाढ्याला आले. पाच औट साडेसतरा. सहा औट एकवीस. सात औट साडेचोवीस. आणि वळणावर खालून लाल एसटी आली, निम्म्याहून जास्त रस्ता व्यापून. घाटात चढणाऱ्या गाडीचा मान पहिला, असा नियमच आहे, आणि तो एसटीच्या ड्रायव्हरला सांगावा लागत नाही. अण्णांनी गाडी कडेला घेतली. त्यांचा डावा पाय ओल्या खडीवर टेकला, थोडा घसरला आणि पुन्हा टेकला. एसटीचा पत्रा माझ्या गुडघ्याच्या इतक्या जवळून गेला, की तिच्यावरचा चिखल मला दिसला. अण्णांची पाठ दगडासारखी झाली होती. मग ती हळूहळू पुन्हा पाठ झाली आणि आतून आवाज आला, आठ औट अठ्ठावीस.

सात आणि आठच्या मधली ती जागा. मी तिथून पुढे गेलेलोच नाही असं कधीकधी वाटतं.

तेव्हा मला वाटलं होतं, अण्णा खुशीत आहेत म्हणून म्हणतायत. पुढे स्वतः घाट उतरायला लागलो तेव्हा उमगलं, माणूस भ्यायला की आधी श्वास धरतो. पाढे म्हणायचे तर श्वास सोडावा लागतो. एवढा साधा उपाय, आणि त्यांनी कधी बोलून दाखवला नाही. भीती वाटते हे कबूल करण्यापेक्षा औटकी म्हणणं त्या पिढीतल्या पुरुषांना सोपं होतं.

येझदीचं आणखी एक होतं. टू-स्ट्रोक इंजिन, पेट्रोलमध्येच ऑईल मिसळलेलं. लांब उतारावर मूठ पूर्ण मिटून गाडी नुसती गिअरवर सोडली, तर इंजिन फिरत राहतं पण पेट्रोल जवळजवळ जातच नाही, आणि पेट्रोल नाही म्हणजे ऑईलही नाही. पिस्टन कोरडा पडतो, तापतो, जाम होतो, आणि मागचं चाक भर उतारात अडकतं. म्हणून घाट उतरताना मधूनमधून रेस द्यायची. धुकं आहे, रस्ता ओला आहे, मागे बायको आणि दोन पोरं आहेत, सगळं अंग म्हणतंय की मूठ मीट, आणि नेमकी तेव्हाच ती थोडी उघडायची. अण्णा पाढ्याच्या प्रत्येक उत्तराला उघडायचे. साडेसतरा, घुर्र. एकवीस, घुर्र. येझदीचा म्हैसूरचा कारखाना १९९६ साली बंद पडला. हल्ली हौशी मंडळी त्या जुन्या गाड्या चकचकीत करून रविवारी काढतात. त्यातली एखादी सिग्नलला शेजारी येऊन थांबली, की त्या धुराच्या वासानं माझा हात आपोआप वळतो.

माझी स्वतःची भीती मात्र घाटातली नाही, सपाटीवरची. उसाचा हंगाम होता. बांबवड्याच्या अलीकडे एका डाव्या वळणावर ट्रॉल्यांतून पडलेला ऊस चाकांखाली चेचून रस्त्यावर चिकट साय धरली होती. पुढचं चाक तिच्यावर गेलं आणि मी पडलो. कॉलरबोन मोडलं. हाड महिन्या-दोन महिन्यांत जुळलं. पण नंतर एक चमत्कारिक गोष्ट सुरू झाली. उजवी वळणं मी पूर्वीसारखी घ्यायचो, मजेत. डावं वळण दिसलं की खांदे कानाला लागायचे, कोपरं ताठ व्हायची, आणि गाडी सरळ वळणाबाहेर निघायची. डाव्या वळणाची भीती! हे कुणाला सांगावं?

सांगितलं तेही नको त्यालाच. मित्रच आहे, दर वर्षी लडाखला जाऊन येतो. म्हणाला, "भ्यायचं काय त्यात? मनातून काढून टाक." या वाक्यावर माझा जुना राग आहे. मनातून काढून टाकायला ती काय मनात असते? ती मनगटात असते, जबड्यात असते, पोटऱ्यांत असते. आणि तुला भीती वाटत नाही तर चांगलंच आहे बाबा, पण मग तू ज्यावर मात केलीस म्हणून सांगतोस ते नेमकं काय होतं? त्याच्या दिवाणखान्यात खारदुंग लाच्या पाटीशेजारचा फोटो आहे. पाटीवर १८,३८० फूट. नीट मोजली तर ती खिंड १७,५८२ फुटांच्या आसपास भरते. तेवढी बढाई त्या वाटेवर चालतच असावी. (हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही. जपून ठेवलंय.)

औषध मिळालं ते मिस्त्रीकडे. गाडीचं हँडल वाकडं झालंय का ते बघायला गेलो होतो. तो एक चक्कर मारून आला आणि म्हणाला, "हँडल सरळ हाय, सायेब. तुम्हीच ताठलाय. गुडघ्यानं टाकी धरा, हातानं न्हवं. आन् बघायचं कुठं, तर जायचंय तिकडं. खड्ड्याकडं बघितलं की गाडी खड्ड्यातच जाती."

कॅलिफोर्नियातल्या कीथ कोड नावाच्या गृहस्थांनी याच विषयावर पुस्तकं लिहिली आहेत. त्यांच्या १९९३ सालच्या पुस्तकात, जीव वाचवायला म्हणून शरीर वळणावर आपसूक काय काय करतं, याची यादी आहे. मूठ मिटणं, हँडल आवळणं, नजर आखडणं, नको त्या वस्तूवर ती खिळणं आणि मग गाडी तिकडेच जाणं. सगळं जगण्यासाठी, आणि सगळं उलट. आमच्या मिस्त्रीनं ते पुस्तक पाहिलेलं असण्याची शक्यता नाही.

त्याही मागे जायचं तर विल्बर राइट. विमानवाले राइट. त्या भावांचं डेटन गावात सायकलचं दुकान होतं. विल्बरनं कितीतरी सायकलस्वारांना विचारलं, तुम्ही डावीकडे वळता कसे? जवळजवळ कुणालाच बरोबर सांगता आलं नाही. कारण डावीकडे जायचं तर हँडल आधी किंचित उजवीकडे वळतं. चाक खालून उजवीकडे सरकतं, माणूस डावीकडे कलतो, आणि मग वळण होतं. हे सगळे जण करतात आणि कुणालाच माहीत नसतं. मला हे वाचून इतकं बरं वाटलं, की त्या रात्री मी बायकोला उठवून सांगितलं. म्हणजे माझी डावी वळणं हरवली नव्हती, हातांना ती येत होती. मी दोन्ही मुठी सारख्याच आवळून, दोन्ही बाजूंनी सारखाच जोर लावून, हातांना ते करू देत नव्हतो. दोन्हीकडून आवळलेलं हँडल सरळच जाणार.

मग पहाटे विद्यापीठाच्या मागच्या रस्त्यावर जाऊ लागलो. टाकीला गुडघे, करंगळ्या हँडलवरून उचललेल्या, हनुवटी वळणाच्या शेवटाकडे. आणि तोंडानं औटकी. आधी मनात म्हणायचो, पण मनात म्हटल्यानं श्वास सुटत नाही. हेल्मेटच्या आत स्वतःचा आवाज फार मोठा होतो. फिरायला येणारे एक निवृत्त गृहस्थ मला पाहून रस्ता बदलत असत.

हेल्मेटवरून आठवलं. लॉरेन्स ऑफ अरेबिया म्हणून ओळखला जाणारा तो माणूस मोटरसायकलवरूनच गेला. १३ मे १९३५ला डॉर्सेटमध्ये दोन सायकलवाल्या पोरांना चुकवताना तो फेकला गेला आणि सहा दिवसांनी वारला. उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स नावाचे मेंदूचे शल्यविशारद होते. ते मरण त्यांच्या डोक्यातून गेलं नाही. त्यांनी सैन्यातल्या निरोप्या स्वारांच्या डोक्यांच्या दुखापतींचा अभ्यास मांडला आणि १९४१मध्ये ब्रिटिश सैन्यात हेल्मेट सक्तीचं झालं. आपल्याकडे १९८८च्या मोटार वाहन कायद्यात कलम १२९ आहे आणि पुण्यात त्याविरुद्ध मोर्चे निघतात. लॉरेन्स एकटा होता. आमच्या येझदीवर चार उघडी डोकी होती आणि त्यांतल्या एकाच्याच हातात हँडल होतं.

हे लिहिताना लक्षात येतंय, की एवढा वेळ मी चालवणाऱ्याच्याच भीतीबद्दल बोलतोय. चालवणाऱ्याला निदान मूठ आहे, ब्रेक आहे. मागे बसणाऱ्याला काय? मोटार वाहनांच्या १९८९च्या नियमावलीत १२३ क्रमांकाचा नियम आहे: मागच्यासाठी हाताला धरायला कडं हवं, पाय ठेवायला जागा हवी, आणि कपडे अडकू नयेत म्हणून मागचं चाक निम्मं तरी झाकलेलं हवं. सरकारला आईचा पदर दिसला, एवढं तरी खरं. तिच्या एका हातात बहीण असायची, कोपरात पिशवी, दुसऱ्या हातात ते कडं. समोर माझं डोकं आणि अण्णांची पाठ. वळण तिला दिसायचंच नाही, ते अंगावर आल्यावर कळायचं.

आमच्याकडे आईची भीती हा विषयच नव्हता. तिची एकच गोष्ट प्रसिद्ध होती, ती म्हणजे तिला गाडी लागते. मोटरसायकलवर गाडी लागणारी सबंध आळीत ती एकटी. पिशवीत आवळासुपारी असायची, तरी घाटात कुठेतरी ती "थांबवा, मला मळमळतंय" म्हणायची. आम्ही थांबायचो. ती कडेच्या दगडावर बसायची, अण्णा तोंड धुवायचे, थर्मासमधला चहा निघायचा. मामेभावंडं वाट बघत असायची आणि आम्ही दगडावर. मला तिचा इतका राग यायचा! अण्णाही पाहुण्यांत हसून सांगायचे, हिला बैलगाडीसुद्धा लागेल.

अण्णांना जाऊन बरीच वर्षं झाली. आई अठ्ठ्याहत्तरची आहे आणि बाजारात अजून दिडकीनं हिशेब करते, भाजीवालीचा मोबाईल उघडायच्या आत. शाळा तिची चौथीपर्यंतच. परवा बोटांना तेल लावून देत होती, तेव्हा मी तिला विचारलं, "अण्णा घाटात पाढे म्हणायचे, आठवतं? ते घाबरायचे म्हणून म्हणायचे."

"मग? मला काय ठाऊक नव्हतं?" ती म्हणाली. "पाढे सुरू झाले की मी कडं घट्ट धरायची. ऐकून ऐकून मलाही पाठ झाले. बरोबर येतायत तोवर माणूस ठिकाणावर आहे म्हणायचं. एकदा म्हणाले, सहा औट बावीस."

"मग?"

"मग काय? म्हटलं, थांबवा, मला मळमळतंय." तिनं माझी बोटं एकेक करून सरळ केली. "मला कधी गाडी लागली नाही रे. त्यांना शेवटपर्यंत खरं वाटत होतं."