ठशाच्या सुती कापडाची ओढ

ठशाने छापलेल्या सुती कापडाची ओढ समजून घ्यायची, तर नक्षीआधी सूत पाहावे लागते. कापसाचा तंतू जवळजवळ निव्वळ सेल्युलोजचा असतो. हवेतला ओलावा तो स्वतःच्या वजनाच्या सुमारे ८ टक्के धरून ठेवतो. पॉलिएस्टरला अर्धा टक्काही धरता येत नाही. घाम टिपण्याचा हा गुणच रंगाच्या कामी येतो. पारंपरिक पद्धतीत रंग कापडावर थर होऊन बसत नाही, तंतूच्या आत शिरून पक्का होतो. त्यामुळे छापलेला भागही बाकी कापडाइतकाच मऊ राहतो आणि त्यातून वारा खेळतो. वाशीम जिल्ह्यातल्या जऊळक्यासारख्या गावी वैशाखात पारा चाळीस अंशांपुढे जातो. अशा ठिकाणी या कापडाचे मोल अंगाला आधी कळते.

अकोला–पूर्णा रेल्वेमार्गावरचे जऊळका वऱ्हाडच्या कापसाच्या मुलखात येते. शेतात वेचणी होते, जिनिंगमध्ये सरकी निघते आणि रुईच्या गाठी बाहेर जातात. एके काळी रंगही याच काळ्या जमिनीत पिकत असे. वऱ्हाड, खानदेश आणि माळवा या पट्ट्यात आल या झुडपाची लागवड होई. तीन-चार वर्षांनी मुळे खणून काढत. बारीक मुळांत लाल रंग जास्त, म्हणून त्यांना भावही जास्त मिळे. रंगारी त्या मुळांच्या भुकटीत सूत, लुगडी आणि जाडाभरडा लाल खारवा रंगवत. १८६८ मध्ये ग्रेबे आणि लीबरमान या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी अलिझारिन प्रयोगशाळेत तयार केले. हा स्वस्त लाल रंग बाजारात आला आणि पुढच्या काही दशकांत आलीची शेती मोडली. तिच्याबरोबर गावोगावच्या रंगाऱ्यांचे कामही आटत गेले.

वऱ्हाडाच्या शेजारी तापीकाठी बुऱ्हाणपूर आहे. तिथल्या तलम सुती कापडाची आणि त्यावरच्या रंगीत फुलांची दखल सतराव्या शतकात ताव्हेर्निये या फ्रेंच व्यापाऱ्याने घेतली होती. हा माल इराण आणि तुर्कस्तानपर्यंत जात असे. ठशाचे जुने तंत्र आज पाहायचे, तर मध्य प्रदेशातल्या धार जिल्ह्यातले बाघ गाठावे. तिथल्या खत्री कारागिरांची रीत या कलेचे मर्म नेमके दाखवते.

कोरे कापड आधी धुऊन त्यातली खळ काढतात. मग एरंडेल, खार आणि शेळीच्या लेंड्या यांच्या मिश्रणात ते मुरवतात, तुडवतात आणि वाळवतात. पुढे हिरड्याच्या पाण्यात बुडवले की कापड फिकट पिवळे होते. हिरड्यातले टॅनिन आता पुढच्या रसायनांची वाट पाहत असते. ठशाने छापायचे असते ते बहुधा रंग नसून रंग धरणारे द्रव्य असते. तुरटी चिंचोक्याच्या खळीत कालवून लाल भागासाठी घेतात. लोखंडाचे गंजके तुकडे गुळाच्या पाण्यात कित्येक दिवस आंबवून काळ्यासाठी पाणी तयार करतात. लोह टॅनिनला भेटताच काळे उमटते. तुरटीची जागा मात्र जवळजवळ अदृश्य असते. छापलेले कापड काही दिवस मुरू देतात, वाहत्या पाण्यात धुतात आणि तांब्याच्या मोठ्या भांड्यात अलिझारिन व धायटीच्या फुलांबरोबर उकळतात. तुरटी लागली तिथे लाल चढतो. धायटीच्या फुलांमुळे मोकळी जमीन पांढरी राहते. ठसा मारणाऱ्याला आपला लाल रंग शेवटपर्यंत दिसत नाही. तो अनुभवावर विसंबून काम करतो.

ठसे बहुतेक सागाचे किंवा शिसवीचे. कोरून झाले की लाकूड तडकू नये म्हणून ते तेलात मुरवतात. मोठ्या ठशाला आरपार बारीक भोके पाडतात, म्हणजे दाबताना हवा निघून जाते आणि जास्तीचा रंग साचत नाही. बाह्यरेषेचा, भरावाचा आणि जमिनीचा ठसा वेगळा असतो. जितके रंग, तितके ठसे. मेजावर तरटाचे आणि कापडाचे थर असतात. कोपऱ्यातल्या खुणेला खूण जुळवून ठसा ठेवायचा आणि मुठीने ठोका द्यायचा. वार दोन वार कापडावर शेकडो वेळा हेच करायचे असते. हाताचा दाब दर वेळी किंचित बदलतो. म्हणून कुठे रंग गडद, कुठे विरळ, कुठे दोन ठशांच्या सांध्यात केसाएवढी फट दिसते. यंत्राच्या छपाईत एकच चूक ठराविक अंतराने तशीच्या तशी परत येते. हाताच्या छपाईत कोणतीही दोन फुले अगदी सारखी नसतात. नजर त्या कापडावर रेंगाळते ती याच बारीक फरकांमुळे.

खरे कापड ओळखायचे तर ते उलटे करून पाहावे. ठशाच्या पातळ सुती कापडात रंग मागे उतरलेला असतो. ठसे जिथे जुळतात त्या रेषा आणि काठाजवळच्या खुणाही तपासाव्यात. अगदी एकसारखी नक्षी आणि कोरी पांढरी उलटी बाजू दिसली, तर ते बहुधा यंत्राचे असते. नीळ हा वेगळा प्रकार. चिखल, चुना आणि डिंक यांच्या लगद्याने जागा झाकून कापड निळीच्या कुंडात बुडवतात. बाहेर काढल्यावर ते हिरवट दिसते आणि हवा लागताच निळे होते. लगदा धुऊन निघाला की खालचे पांढरे उघडे पडते. राजस्थानात बगरू आणि आसपासची गावे या कामासाठी प्रसिद्ध आहेत.

असे कापड पहिल्या काही धुण्यांत वेगळे धुवावे. साबण सौम्य असावा, सोडा टाळावा, पिळताना जोर लावू नये आणि उलटे करून सावलीत वाळवावे. प्रत्येक धुण्यात सूत मऊ होत जाते. या कापडाची किंमत यंत्राच्या कापडापेक्षा जास्त असते. ती हिरडा, तुरटी, पाणी, ऊन आणि अनेक हातांच्या दिवसांची किंमत असते, आणि ती रास्त असते.