दुबार पेरणी

गंजगोलाईत सोळा रस्ते येऊन मिळतात, असे लातूरकर अभिमानाने सांगतात. गेल्या आषाढात मी तिथे उतरलो, तो सतराव्याची चौकशी करीत. लोक त्याला ‘ट्यूशन एरिया’ म्हणतात. २०१६ साली ज्या गावाला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले, त्या गावाला आता गाड्या भरभरून मुले येतात!

धाकट्या बहिणीचा निरोप होता, “दादा, तुझं तो ऐकेल. तुझ्याकडे पुण्याला राहून बी.एस्सी. कर म्हणावं.” भाचा वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ला एकदा बसला होता आणि पुन्हा बसण्यासाठी इथे येऊन राहिला होता. अशांना इथे ‘रिपीटर’ म्हणतात. आमच्या वेळी सरळ ‘नापास’ म्हणत. पण हा नापास कुठे झाला होता? सरकारी महाविद्यालयांची यादी त्याच्या थोडी वरच संपली, इतकेच.

खोलीत दोन खाटा, दोन टेबले आणि मेसचा डबा. मी वर्गात सुरू करतो तसे व्याख्यान सुरू केले. त्याने ते शांतपणे ऐकून घेतले.

“मामा, पेपर ७२० गुणांचा. बरोबर उत्तराला चार, चुकलं तर एक वजा. म्हणजे एका चुकीला पाच गुणांचा फरक. २०२४ साली २३ लाखांवर मुलं बसली. एम.बी.बी.एस.च्या जागा लाखाच्या आसपास, त्यातल्या सरकारी निम्म्या. खाजगीची फी बाबांच्या चार एकरांतून निघत नाही. आणि या वर्षीचे गुण पुढच्या वर्षी चालत नाहीत. मग पुन्हा बसण्यावाचून करू काय?”

“आणि पुन्हाही नाही मिळालं तर?”

“बाबा म्हणतात, पावसानं दगा दिला म्हणून रान पडीक टाकू नये. दुबार पेरणी करावी.”

मेहुण्यांनी त्याच महिन्यात सोयाबीन दुबार पेरले होते. दुबार पेरणीला बियाणे पुन्हा विकत आणावे लागते. इथे ते बियाणे म्हणजे पोराच्या उमेदीचे एक अख्खे वर्ष! पण हा हिशेब त्या घराने माझ्याआधीच केला होता.

“तिबार पेरणी कुणाला परवडत नाही रे,” एवढेच मी म्हणालो.

तो हसला. “आईला तसा शब्द दिलाय, मामा. एकच वर्ष. नाही जमलं तर पुण्याला तुमच्याकडेच येतो.”

रात्री बहिणीचा फोन आला, “निरोप पोचवलास ना?”

“पोचवला,” मी म्हणालो, “आणि त्याचा घेऊन निघालोय. पुढच्या जूनपर्यंत त्याला काही विचारू नकोस.”