कापूसचं खाणं

नाशिक, 14 मार्च

चि. मृण्मयीस,


ओवीच्या मांडीवर बसलेल्या कापूसचा फोटो पाहिला. दुकानदाराने दोन महिन्यांचा म्हणून दिला असला तरी अंगापिंडाने मला तो जेमतेम पाच आठवड्यांचा वाटतो. सशाचं पिल्लू 8 आठवडे तरी आईजवळ राहायला हवं. त्याआधी तोडलं की दूध एकदम सुटतं, आतडी मात्र नव्या खाण्याला तयार झालेली नसतात. अशी पिल्लं साध्या जुलाबाने एक-दोन दिवसांत हातची जातात. इतक्या लहान जिवाला घाईने विकणाऱ्यांचा मला फार राग येतो. पण आता तो तुमच्याकडे आलाय, तर त्याला जगवू या.

गाईचं दूध पाजू का, असं तू विचारलंस. पाजू नकोस. गाजर, केळं सध्या नको. बिस्किट, पोळी, भात तर कधीच नको. दुकानातून आणलेल्या त्याच खाण्याच्या गोळ्या थोड्या थोड्या चालू ठेव, कारण खाणं एकदम बदललं की पोट बिघडतं. बाकी रात्रंदिवस त्याच्यापुढे वाळलेलं गवत हवं, त्याच्या अंगाएवढा ढीग. वाढीच्या वयात वाळवलेला लसूणघास चालतो. सहा-सात महिन्यांचा झाला की तो हळूहळू बंद कर. त्यात कॅल्शियम फार, आणि सशाचं जास्तीचं कॅल्शियम लघवीवाटे जात असल्याने मूत्राशयात गाळ साठू शकतो. पुढे मारवेल, हरळी हे गवतच त्याचं जेवण. तो तीन महिन्यांचा झाला की पाला सुरू कर: कोथिंबीर, मुळ्याचा पाला, पुदिना. एका वेळी एकच, तोही एखाद्या पानाने, आणि दोन दिवस लेंड्या बघून मगच पुढचं. कांदा-लसणाची पात मात्र कधीही देऊ नकोस.

गवताचा एवढा आग्रह का, तेही सांगते. सशाचे दात जन्मभर वाढतात. पुढचे तर वर्षाला 10-12 सेंटीमीटर. ते झिजतात गवत चावून चावूनच. आणि त्याचं आतडं सतत चालतं राहावं लागतं. गवताचा चोथा ते ढकलत ठेवतो. सशाला उलटी करता येत नाही, त्यामुळे आत अडकलेलं परत बाहेर यायची वाटच नाही. लहान आणि मोठ्या आतड्याच्या सांध्याजवळ त्याच्या पोटात एक मोठी पिशवी असते, तिथे जिवाणू चोथा आंबवतात. त्यातून मऊ, चकचकीत, द्राक्षांच्या घोसासारख्या चिकटलेल्या लेंड्या बनतात आणि ससा त्या थेट तोंडाने उचलून खातो. ओवीने पाहिलं तर किळस करू नये म्हणून आधीच सांगून ठेव. त्यातूनच त्याला जीवनसत्त्वं मिळतात. त्याला अडवायचं नाही.

आमची सोनी ससुली तुला आठवते ना? एकदा संध्याकाळी कोथिंबीर पुढे धरली तर तिने नाक वळवलं. मी तिचं लेंड्यांचं घमेलं उलटून पाहिलं. एरवी वाटाण्याएवढ्या, गोल, भुसभुशीत लेंड्या असायच्या. त्या दिवशीच्या मिऱ्याएवढ्या, टणक, आणि दोन-तीन तर केसात ओवलेल्या. ती कोपऱ्यात पाठ उंच करून, डोळे अर्धे मिटून बसली होती आणि दात करकर वाजवत होती. कुरवाळताना ससा हलके दात वाजवतो ते सुखाने. हे करकरणं दुखण्याचं असतं. त्याच रात्री डॉक्टरकडे नेली. त्यांनी कातडीखाली सलाईन दिलं, वेदनाशामक दिलं, आतडं हलवायचं औषध दिलं. रात्रभर मी गोळ्या पाण्यात भिजवून त्याची पेज बिनसुईच्या सिरिंजने गालाच्या कडेने भरवत होते. दुसऱ्या दिवशी दुपारी एक लेंडी पडली. तुझ्या काकांनी ऑफिसातून फोन करून लेंडी पडली का, फक्त तेवढंच विचारलं होतं.

ससा दुखणं लपवतो. शिकार होणाऱ्या प्राण्याचा तो स्वभावच आहे. म्हणून रोज सकाळी घमेलं बघायचं: किती, केवढ्या, कशा. मोठा ससा 10-12 तास काही खात नसेल, लेंड्या बंद असतील, तर सकाळची वाट बघायची नाही. कापूस तर एवढासा आहे, जुलाब दिसले की लगेच निघायचं. घरातलं औषध एक थेंबही द्यायचं नाही. आपण सर्रास घेतो ते अमॉक्सिसिलिन सशाच्या पोटात गेलं तर त्याच्या आतड्यातले उपयोगी जिवाणू मरतात आणि ससा दगावू शकतो. तुमच्या ठाण्यात सशांवर उपचार करण्याची सवय असलेला डॉक्टर कोण, ते आजच शोधून ठेव. परळच्या बैलघोडा हॉस्पिटलातही चौकशी कर. लघवी कधी लालसर दिसली तर मात्र घाबरू नकोस, पाल्याच्या रंगाने बऱ्याचदा तसं होतं. खाणं-खेळणं नेहमीसारखं आहे ना, ते बघ.

ओवीला एक गोष्ट आत्ताच शिकव. कान धरून उचलायचं नाही. एक हात छातीखाली, दुसरा ढुंगणाखाली, आणि शक्यतो उचलायचंच नाही, आपण जमिनीवर बसायचं. सशाच्या मागच्या पायांत एवढा जोर असतो की हातात धडपडताना तो स्वतःचाच कणा मोडून घेतो. वरून आलेला हात त्याला घारीसारखा वाटतो, म्हणून बाजूने, बोलत बोलत जायचं. आंघोळ अजिबात नको.

आता उन्हाळा येतोय. पारा तिशीच्या वर गेला की सशाला त्रास सुरू होतो. त्याला आपल्यासारखा घाम येत नाही, उष्णता कानांतून जाते. बर्फ केलेली पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून शेजारी ठेव, कानांना ओला हात लाव. पिंजरा जाळीच्या तळाचा असेल तर वर गोणपाट पसर. सशाच्या तळव्यांना गादी नसते, जखमा होतात. आणि टीव्हीच्या मागच्या वायरी झाक.

जोडीला दुसरा आणायचं ओवी म्हणते आहे. आधी डॉक्टरांकडून हा नर की मादी ते बघून घे, दुकानात सांगतात ते फार वेळा चुकतं. ससे चौथ्या महिन्यापासून वयात येतात आणि जोडी जमली की महिन्याभरात पिल्लं होतात. मादी असेल तर नसबंदीचंही विचार. वय वाढलं की त्यांच्या गर्भाशयात कॅन्सर फार होतो.

रविवारी मारवेलचं पोतं पाठवते. गॅलरीत ठेवू नकोस, दमट हवेत बुरशी धरते. उशीच्या जुन्या अभ्र्यांत भरून कपाटावर ठेव. कुबट वास आला तर ते गवत टाकून दे, मी दुसरं पाठवीन. आणि उद्या सकाळी घमेल्याचा फोटो आधी पाठव, मग चहा घे.

तुझी,
मावशी