स्टेशन आमचं, नाव त्यांचं!

'तू मूळची कुठली गं?' ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये हा प्रश्न आला, की माझं उत्तर रेडी असायचं. 'नागपूरजवळची.' विषय संपला! वरठी म्हटलं की पुढे चार प्रश्न येतात, आणि डबा गार होतो.

वरठी हे माझं आजोळ. जिल्हा भंडारा, तालुका मोहाडी. तुम्ही कोल्हापूरहून गोंदियाला जाणाऱ्या महाराष्ट्र एक्स्प्रेसने कधी शेवटपर्यंत गेला असाल, तर नागपूरनंतर तासाभराने माझ्या आजोळी थांबलाही असाल. फक्त तुम्हाला ते कळलं नसेल. कारण स्टेशन वरठीत असलं, तरी पाटीवर नाव आहे 'भंडारा रोड'. भंडारा शहर तिथून दहा-बारा किलोमीटर लांब. रेल्वेच्या भाषेत 'रोड' म्हणजे 'गाव इथे नाही, गावाला जायचा रस्ता इथून आहे'. पुढचं तुमसर रोड किंवा कोकणातलं सावंतवाडी रोडही तसंच.

लहानपणी मी खिडकीतून 'वरठी'ची पाटी शोधत बसले होते. गाडी थांबली, मी ढिम्म! शेवटी आईने दंड धरून खाली ओढलं. मामाला सांगितलं तर तो म्हणाला, "स्टेशन आपलं अन् नाव त्यायचं. आता काय करतं, बाप्पा!"

इंग्रजीत तर आणखी धमाल. कुठे डब्ल्यूने सुरुवात, कुठे व्हीने, मधला ए कधी असतो, कधी गायब. 'टीएच'वरून ठ की थ, हे कळायला मार्ग नाही. त्यामुळे कुरिअरवाल्याच्या फोनवर आमची 'वर्थी' होते. फिनलंडच्या लोकांना हे दुःख कळेल. त्यांच्या पोहयान्मा प्रांताचं इंग्रजीत चक्क 'ऑस्ट्रोबॉथ्निया' होतं!

बरं, नावाचं सोडा. वरठी हे गाव की शहर? मागच्या दिवाळीत मामाच्या ओट्यावर यावर तासभर वाद झाला. कारभार ग्रामपंचायतीचा, म्हणजे गाव. पण जनगणनेच्या वहीत ते 'सेन्सस टाऊन', म्हणजे शहर. त्याचे नियम तीन. लोकसंख्या किमान ५,०००. दर चौरस किलोमीटरला किमान ४०० माणसं. आणि मुख्य काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान ७५ टक्के शेतीबाहेरच्या कामात. वरठीत रेल्वे आहे, सनफ्लॅगचा पोलाद कारखाना आहे, त्यामुळे हे गणित जमतं.

पण तिसरा नियम परत वाचा. पुरुषांपैकी! मामी पावसाळ्यात गुडघाभर चिखलात धानाची रोवणी करते. तिचं काम या हिशेबात धरतच नाहीत. मी हे सांगितलं तर ती हसून म्हणाली, "मंग मी शहरातली झाली का गावातली?" कुणाकडेच उत्तर नव्हतं.

आणि हा नुसता शब्दांचा खेळ नाही. सेन्सस टाऊन झालं म्हणून नगरपालिका मिळत नाही. आकडेवारीत शहर, पण नाली, पाणी, कचरा सगळं ग्रामपंचायतीच्या खिशातून. फिनलंडमध्ये १९७७ पासून एखाद्या पालिकेने स्वतःला शहर म्हणवून घ्यायचं की नाही, हे ती पालिकाच ठरवते. आपल्याकडे नाव रेल्वेने ठेवलं, स्पेलिंग कुठल्याशा टेबलावर ठरलं, दर्जा जनगणनेने दिला. वरठीला विचारलं कुणी?

मुंबईत व्हीटीचं १९९६ मध्ये सीएसटी झालं, २०१७ मध्ये सीएसएमटी. एल्फिन्स्टन रोडचं २०१८ मध्ये प्रभादेवी. मोठ्या शहरांच्या नावांवर मोर्चे निघतात, ब्रेकिंग न्यूज होते. वरठीसाठी कोण भांडणार?

परतीच्या गाडीत मला जरा लाजच वाटली. रेल्वेने वरठीचं 'भंडारा रोड' केलं, आणि मी? मी तर सरळ 'नागपूरजवळ' करून टाकलं होतं!

आता जनगणना २०२७ मध्ये होणार आहे. दर्जाचं काय ते तेव्हा कळेल. माझ्यापुरता बदल मात्र मी करून टाकला. परवा कॅन्टीनमध्ये एका नव्या मुलीने तोच प्रश्न विचारला. मी म्हटलं, "वरठी. ठ ठसठशीत."

डबा गार झाला. चालतंय!