सर, आपल्याकडं असं झालं का?

मुलांनो, परवा पावसानं आमची आमखास मैदानावरची मॅच बुडाली. हिरमुसलेल्या पोरांना घेऊन मी वर्गात बसलो आणि १९८१ च्या ‘एस्केप टू व्हिक्टरी’ या इंग्रजी सिनेमाची गोष्ट सुरू केली. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांचे कैदी पॅरिसमध्ये जर्मन संघाशीच फुटबॉल खेळतात. त्यात खुद्द पेले आहे बरं का! मध्यंतराला पळून जायला भुयार तयार असतं. पण खेळाडू म्हणतात, आधी मॅच पुरी करू!

टाळ्या पडल्या. तेवढ्यात मागच्या बाकावरून प्रश्न आला, “सर, आपल्याकडं असं झालं का?”

अर्धा वर्ग ओरडला, “लगान!”

पण ती रचलेली गोष्ट. खरी गोष्ट तुम्हाला सांगतो.

पुण्यात इंग्रजांच्या क्लबात बाळू पालवणकर नावाचा तरुण खेळपट्टीची देखभाल करायचा. सरावाला साहेबांना तासन्‌तास चेंडू टाकायचा. त्याच्या हाती बॅट मात्र कुणी दिली नाही. टाकून टाकून हा पठ्ठ्या अव्वल डावखुरा फिरकी गोलंदाज झाला! इंग्रजांना हरवायला पुण्याच्या हिंदू संघालाही तो हवा होता. पण बाळू चर्मकार समाजातला. चेंडू त्याच्या हातचा चालायचा, चहा मात्र बाकीच्यांनी आत कपातून प्यायचा आणि त्यानं बाहेर, फेकून द्यायच्या मातीच्या भांड्यातून.

१९०६ मध्ये मुंबईत हिंदू संघानं युरोपियन संघाला १०९ धावांनी हरवलं. बाळूनं दोन डावांत आठ गडी टिपले. तरी कर्णधारपद त्याला मिळालं नाही. ते १९२३ मध्ये त्याच्या धाकट्या भावाला, विठ्ठलला मिळालं.

इथं मी थांबलो. गावाकडच्या आमच्या खो-खो संघात माझा एक दोस्त होता, सगळ्यांत चपळ. खेळ संपला की आम्ही माठात पेला बुडवून पाणी प्यायचो. तो ओंजळ धरून उभा राहायचा आणि वरून पाणी ओतायचो मी. मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

“सर, पुढं?” पोरं विचारत होती. मग हेही सांगून टाकलं. वर्ग गप्प झाला.

दिवाळीत गावी जाईन तेव्हा त्याच्या घरी चहाला जाणार आहे. “आत्ताच कशी आठवण झाली?” असं त्यानं विचारलं, तर काय सांगावं ते अजून सुचलेलं नाही.