पाण्याची हजेरी

बऱ्याच दिवसांनी लिहितेय. "काकू, हल्ली असता कुठे?" असं दोघा-तिघांनी फोनवर विचारलं, तेव्हा कारण सांगून टाकते. आमच्या बैठकीच्या खोलीत चार फुटी समुद्र आहे आणि त्याची उठाठेव माझ्याकडे आहे. नाशिककरांना समुद्र बघायचा तर कसारा घाट उतरावा लागतो. आमचा मात्र टीव्हीच्या शेजारीच!

माझं शिक्षण बी.ए., तेही मराठी माध्यमातून. बत्तीस वर्षं शाळेत मराठी आणि इतिहास शिकवला. प्रवाळ म्हटलं की मला आधी आठवायचं ते सराफाकडचं पोवळं, मंगळाच्या अंगठीतलं. ते लाल पोवळं मुख्यतः भूमध्य समुद्रातलं, आणि आज ज्यांच्याबद्दल लिहितेय त्यांचा दूरचा भाऊबंद. हे सगळं मला कळलं ते नातवामुळे.

चिरंजीव तेव्हा न्यू जर्सीत, एडिसनला होते. मी सहा महिने राहायला गेले, तर नातवाच्या खोलीत निळ्या उजेडात एक टाकी. तिच्यात जांभळ्या-हिरव्या फांद्या. मला वाटलं शोभेचं गवत असेल. तो म्हणाला, "आजी, हे प्राणी आहेत." मग रीतसर शिकवणी सुरू झाली, मी विद्यार्थिनी आणि तो मास्तर. प्रवाळाचा एकेक जीव बोंडाएवढा, तोंडाभोवती बारीक बोटं. त्याच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं. ते उजेडात अन्न तयार करतं आणि त्यातलं बरंचसं यजमानाला देतं. यजमान त्याला घर देतो. कठीण जातीचे प्रवाळ पाण्यातलं कॅल्शियम आणि कार्बोनेट घेऊन स्वतःखाली चुनखडीचा सांगाडा बांधत जातात. मोठमोठे प्रवाळ खडक या बोंडाएवढ्या गवंड्यांनी बांधलेले आहेत!

आता पाण्याबद्दल. आपण पाणी डोळ्यांनी पारखतो. नितळ दिसलं की चांगलं. प्रवाळाच्या बाबतीत हे अजिबात चालत नाही. टाकी काचेसारखी स्वच्छ दिसते आणि आतला जीव उपाशी असतो किंवा गुदमरत असतो. म्हणून पाण्याची रोज हजेरी घ्यायची. खारटपणा हजारात ३५ भाग, तापमान २५-२६ अंश, अमोनिया आणि नायट्राइट शून्य, कॅल्शियम ४०० ते ४५० पीपीएम, मॅग्नेशियम १३०० च्या आसपास. आणि सगळ्यांत महत्त्वाची ती अल्कलिनिटी, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या बायकार्बोनेटचा साठा. तो 'डीकेएच' या मापात मोजतात. समुद्रात साधारण ७ असतो, टाकीत ७ ते ९ ठेवतात.

ही तपासणी मला फार आवडते. छोट्या बाटलीत ४ मिली पाणी घ्यायचं, रंगाचे दोन थेंब टाकायचे आणि सिरिंजमधून थेंब थेंब आम्ल सोडत हलवत राहायचं. निळसर हिरवा रंग बराच वेळ तसाच राहतो आणि मग एका थेंबासरशी गुलाबी होतो. किती आम्ल लागलं त्यावरून आकडा कळतो. रंग खिडकीच्या उजेडात बघायचा, टाकीच्या निळ्या दिव्याखाली तो फसवतो. वेळही रोज तीच हवी. दिवसा शैवालाचं काम चालू असतं तेव्हा पाण्याचा पीएच चढतो आणि रात्री उतरतो. आज सकाळचा आकडा आणि उद्या संध्याकाळचा यांची तुलना करण्यात अर्थ नाही.

अल्कलिनिटीच का? मी नातवाला हेच विचारलं होतं, कारण सांगाडा तर कॅल्शियमचाही असतो. त्याने हिशेब करून दाखवला. प्रवाळाने १ डीकेएच वापरलं की त्याबरोबर कॅल्शियम साधारण ७ पीपीएम जातं. आठातून एक गेला तर लगेच दिसतं, ४२० मधून सात गेले तर पत्ताही लागत नाही. घरखर्चात गल्ल्यातली चिल्लर आधी संपते आणि त्यावरून आपल्याला महिन्याचा अंदाज येतो, तसंच हे. एडिसनच्या त्याच्या वहीत रोज ०.६ ची घट असायची आणि तेवढी भर तो रोज घालायचा. त्याचं एक वाक्य मी अजून विसरले नाही. "आजी, आकडा थोडा कमी असला तरी त्यांना चालतं. रोज बदललेला चालत नाही."

पुढे चिरंजीव कुटुंबासह कायमचे नाशिकला आले. नातू चौदा वर्षांचा. मित्र सुटले, शाळा सुटली आणि टाकीतले प्रवाळ तिथल्या मित्रांना वाटून टाकावे लागले. विमानतळावर उतरला तेव्हा त्याच्या हातात फक्त ती वही होती. तेव्हा 'इथेही टाकी करू' असं त्याच्या बापाने कबूल केलं, यात नवल नाही.

गणपतीनंतर टाकी आली. पहिला प्रश्न गोड्या पाण्याचा, कारण त्यातच मीठ मिसळून समुद्राचं पाणी करायचं. नाशिकला पाणी गंगापूर धरणाचं. आपल्याला पिण्याला उत्तम, पण त्यात क्लोरीन असतं आणि विरघळलेले इतर क्षारही. आमच्या नळाचा टीडीएस १४० आला. स्वयंपाकघरातल्या आरओचंही पाणी चालत नाही, कारण चवीसाठी त्यात थोडं मूळचं पाणी परत मिसळतात. मग आरओ आणि त्यापुढे राळेची एक नळी असं वेगळं यंत्र बसवलं. मीटरवर शून्य आलं तेव्हा नातू पहिल्यांदा हसला. त्यानंतर सहा आठवडे टाकीत नुसते दगड आणि पाणी. तेवढ्यात जिवाणू वाढतात आणि अमोनियाचं आधी नायट्राइट, मग नायट्रेट करायला लागतात. शेजारणी विचारायच्या, "मासे कधी आणणार?" मी म्हणायचे, "अजून जावयाची बैठक मांडतोय, जावई नंतर!"

आणि मग खरी अडचण आली. एका विक्रेत्याने चिरंजिवांना फोनवर फोटो पाठवले. अगदी एडिसनसारख्या फांद्या, पोहोचवण्यासकट सगळं करून देणार, फक्त बिल मिळणार नाही. मी इतिहासाची बाई, पावती नाही म्हटलं की माझ्या कपाळाला आठ्या पडतात. चौकशी केली. आपल्या १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात २००१ साली सगळे कठीण, खडक बांधणारे प्रवाळ घातले गेले. २०२२ च्या दुरुस्तीनंतरही ते तिथेच आहेत. वाघ ज्या परिशिष्टात, त्याच परिशिष्टात हे बोंडाएवढे गवंडी. शिक्षा तीन ते सात वर्षं कैदेची.

मी 'नाही' म्हटलं. चिरंजीव म्हणाले, "अगं आई, एवढासा तुकडा. सगळेच ठेवतात. आणि त्याने किती सोडलंय ते बघतेस ना?" बघत होते हो. ते दिसत होतं म्हणूनच 'नाही' म्हणणं जड गेलं. नातवाने तर आठ दिवस अबोला धरला. वही कपाटात ठेवून दिली. ते आठ दिवस पाणी मीच तपासलं. आकडे एका कागदावर लिहून त्याच्या टेबलावर ठेवायची, काही न बोलता. नवव्या दिवशी कागदावर त्याच्या अक्षरात एक दुरुस्ती होती, 'पीपीएम' लिहायला मी विसरले होते ना! चला, म्हटलं, मास्तर परत आले.

डिसेंबरात आम्ही सगळे मालवणला गेलो. सिंधुदुर्ग किल्ला १६६४ साली शिवाजी महाराजांनी बांधायला घेतला, हे मी वर्गात किती वेळा सांगितलं असेल! पण त्याच किल्ल्याच्या आजूबाजूच्या पाण्यात जिवंत प्रवाळ आहेत, हे मला ठाऊक नव्हतं. १९७९ साली कासिम आणि वाफर या शास्त्रज्ञांनी आपल्या पश्चिम किनाऱ्यावरच्या अशा प्रवाळांची नोंद केली. १९८७ च्या एप्रिलमध्ये तिथे मालवण सागरी अभयारण्य जाहीर झालं, क्षेत्रफळ २९.१२ चौरस किलोमीटर. मी होडीतच बसले. नातू आणि त्याचा बाप तोंडाला नळी लावून पाण्यात उतरले. कशाला हात लावायचा नाही आणि कशावर उभं राहायचं नाही, हे होडीवाल्या दादांनी दोनदा बजावलं.

वर आल्यावर पोरगा जरा वेळ गप्पच होता. मग म्हणाला, "आजी, पाणी केवढं गढूळ! दहा फुटांपलीकडे दिसत नाही. आणि तरी प्रवाळ आहेत. फांद्या नाहीत, दगडासारखे गोल." खरंच आहे. पावसाळ्यात तिथे नद्यांचं गोडं पाणी आणि गाळ येतो. आमच्या टाकीत असं काही झालं तर आम्ही रात्रभर जागू. तिथे दिवसातून दोनदा भरती येते, दोनदा ओहोटी होते आणि एवढा मोठा समुद्र पाणी बदलत राहतो. पण त्या सोसण्यालाही मर्यादा आहे. २०१४ साली मालवणचे प्रवाळ पांढरे पडल्याची नोंद झाली. पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा अंशभर जास्त तापून काही आठवडे तसंच राहिलं, की प्रवाळ अंगातलं शैवाल बाहेर टाकतो. मग रंग जातो आणि जेवणही जातं. लवकर गारवा आला तर सावरतो, नाहीतर मरतो.

नाशिकला परतल्यावर आम्ही मऊ जातीचे प्रवाळ आणले. मश्रूम म्हणतात ते आणि एक चामड्यासारखा, ज्यांना दगडी सांगाडा नसतो आणि जे त्या परिशिष्टात नाहीत. पक्क्या बिलासह. नातवाला ते फार पसंत नव्हते. "हे काही बांधत नाहीत," म्हणायचा. वहीतही अल्कलिनिटीची रेघ जवळजवळ सपाट.

मे महिन्यात एका दुपारी वळवाचं वारं सुटलं, कुठेतरी तार तुटली आणि वीज गेली. पाऊस काही पडला नाही, नुसता उकाडा. खोलीत ३७ अंश. टाकीचे पंप बंद, पंखे बंद. पाणी हललं नाही की आधी प्राणवायू कमी होतो, तापमानाचं संकट त्याच्या मागून येतं. नातवाने सेलवर चालणारा हवेचा छोटा पंप लावला. मी फ्रीजमधल्या गोठवलेल्या बाटल्या, झाकण घट्ट लावून, एकेक करून पाण्यात सोडल्या. दर अर्ध्या तासाने तापमान वहीत. २७, २७.५, २८... सात तासांनी वीज आली तेव्हा २९. मश्रूम मिटलेले, चामड्यासारखा तो आक्रसून मुठीएवढा झालेला. आम्ही दोघं जमिनीवर बसलो होतो. नातू म्हणाला, "आजी, ते फांद्यांचे असते तर आज गेले असते." मी काही बोलले नाही. तो तीन दिवसांनी उघडला, पूर्ण. त्या दिवशी वहीच्या शेऱ्याच्या रकान्यात नातवाने लिहिलं, 'हजर'.

मला वाटतं, त्याला 'नाही' म्हणण्याचं कारण कायद्याने सांगितलं, पण पटवलं ते वहीने. रोज चार आकडे सांभाळताना आपली केवढी दमछाक होते, हे ज्याने लिहून ठेवलंय, त्याला समुद्रातून उपटलेल्या फांदीची किंमत कुणी सांगावी लागत नाही. आणि ही वही फुकट जात नाही बरं. २०२३ च्या उन्हाळ्यात फ्लोरिडाचा समुद्र इतका तापला की तिथल्या शास्त्रज्ञांनी प्रवाळ उचलून जमिनीवरच्या टाक्यांत नेऊन ठेवले. तिथेही हेच खारटपणाचे, तापमानाचे, अल्कलिनिटीचे आकडे रोज कुणीतरी बघितलेच असणार. नातू आता म्हणतो, मोठेपणी तसलं काम करणार. चिरंजीव म्हणतात, आधी दहावी हो!

उन्हाळ्यात ज्यांच्याकडे अशी टाकी आहे त्यांना एकच सांगते. पाणी आटतं तेव्हा मीठ आटत नाही. आमच्याकडे मे महिन्यात पंख्यांमुळे रोज पाच-सहा लिटर पाणी उडून जायचं. भर घातली नाही तर दोन दिवसांत ३५ चे ३७ होतील. भर घालायची ती शून्य टीडीएसच्या गोड्या पाण्याची, खाऱ्या नव्हे. आणि रोज थोडी, एकदम नको.

असो. दिवाळीत जे नातेवाईक येणार आहेत त्यांना नम्र विनंती: टाकी जरूर बघा, फोटो काढा, पण पाण्यात हात घालू नका. हाताला साबण असतो, क्रीम असतं. आणि सकाळी साडेआठ ते नऊ मला हाका मारू नका. तेव्हा हजेरी चालू असते. :)